वांटेकरी हितचिंतक

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. पदवी घेतल्यानंतर तो कायद्याची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला. आणि आतां वडिलांप्रमाणें दिवाणी कोर्टांत जमिनीचे दावे न चालवितां, धंदेवाईक खेळाडूंच्या वतीनें करार करून देणाऱ्या एका मंडळींत शिरावें असा त्याचा विचार होता. वडिलांना तो बेत पसंत नव्हता. ‘वकिली शिकून शेवटीं दलालीच करावयाची, तर एवढीं वर्षें कशाला घालविलींस?’ असें त्यांनीं विचारलें होतें. आणि या प्रश्नाचें उत्तर घरीं देतां न आल्यामुळें तो तें आमच्याकडून घेऊन जाण्यास आला होता. आम्हांलाहि तें त्या वेळीं देतां आलें नाहीं. चहा झाला, पाऊस थांबला, आणि ‘सर, विचार करून सांगा’ एवढें बोलून तो गेला. पुढील लेख हें त्या विचाराचें फळ होय. आणि तो मुलापेक्षांहि त्याच्या वडिलांच्या हातीं पडावा अशी आमची इच्छा आहे.

वडिलांच्या प्रश्नांतील दोन शब्द आधीं पारखून घेतले पाहिजेत. ‘वकील’ म्हणजे न्यायाधीशासमोर वाद घालणारा असा आजचा रूढ अर्थ असला, तरी मराठ्यांच्या इतिहासांत तो शब्द दूताला लावीत. दिल्लीच्या दरबारीं हिंगणे, निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. त्यांच्यापुढें ना कोर्ट होतें, ना कायद्याचीं कलमें. धनी पुण्यास आणि वाटाघाट हैदराबादेस, अशा स्थितींत धन्याच्या ठिकाणीं उभा राहून त्याचें हित बोलून दाखविणारा मनुष्य तो वकील. ‘दलाल’ या शब्दाचेंहि मूळ वाईट नाहीं. वाट दाखविणारा, असा त्याचा अरबी अर्थ आहे. म्हणजे दोघांतील भेद कामाचा नसून निष्ठेचा आहे. वकील एका पक्षाचा असतो, दलाल सौद्याचा असतो. सौदा मोडला तर वकिलाचें काम कदाचित् उत्तमच झालें असेल. दलालाचे श्रम मात्र फुकट गेले असें समजावें. खेळाडूचा प्रतिनिधि या दोहोंपैकीं कोण, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर त्याच्या पाटीवरील नांवावरून मिळणारें नाहीं.

प्रथम या धंद्याची गरज कां पडली तें पाहूं. खेळाडूला वकील कशाला हवा, असें ज्यांना वाटतें त्यांनीं अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास वाचावा. त्या खेळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असा दंडक होता कीं, खेळाडूनें एकदां एका क्लबाशीं करार केला म्हणजे क्लबाची इच्छा असेतों तो त्याच क्लबाचा. क्लबानें त्याला ठेवावें, विकावें, दुसऱ्याशीं बदलावें. त्यानें मात्र आपण होऊन कोठेंहि जाऊं नये. सेंट लुई येथील क्लबांत बारा हंगाम खेळलेला कर्ट फ्लड हा कृष्णवर्णी खेळाडू १९६९ सालीं असाच फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यांत आला. आपण कोणाच्या मालकीची वस्तु नाहीं, असें पत्र त्यानें खेळाच्या प्रमुखांना लिहिलें आणि तो न्यायालयांत गेला. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणारा मनुष्य स्वतःला गुलाम म्हणवितो याचें पुष्कळांना हंसूं आलें. परंतु दास्य वेतनाच्या अंकानें मोजावयाचें नसतें. ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, यानें मोजावयाचें असतें. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत पांचविरुद्ध तीन मतांनीं फ्लड हरला. पुढें १९७५ च्या डिसेंबरांत एका लवादानें मेसरस्मिथ व मॅक्‌नॅली या दोन खेळाडूंच्या बाजूनें निवाडा दिला आणि तो दंडक मोडला. तेथील खेळाडूंचें सरासरी वार्षिक वेतन १९७६ सालीं सुमारें एकावन्न हजार डॉलर होतें, तें १९८० सालीं एक लक्ष त्रेचाळीस हजारांच्या वर गेलें. चार वर्षांत हे लोक तिप्पट चांगलें खेळूं लागले असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांचें मोल पूर्वीहि तेवढेंच होतें. तें मागण्याची सोय मात्र नव्हती.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. १९५२ सालीं विनू मंकड इंग्लंडांत लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबाशीं करारानें बांधलेले होते. हिंदुस्थानच्या संघांत आपली निवड होईल अशी खात्री मिळाल्यास तो करार सोडूं, असें त्यांचें म्हणणें होतें. नियामक मंडळानें तशी खात्री दिली नाहीं. लीड्स येथील पहिल्या कसोटींत आपले चार फलंदाज धांवफलक शून्यावर असतांनाच बाद झाले, तेव्हां मंडळाला मंकडांची आठवण झाली. क्लबानें मोकळीक दिली, आणि लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ व १८४ धांवा काढून शिवाय ७३ षटकें गोलंदाजी केली. आपल्या निर्वाहाची चिंता करणाऱ्या एका थोर खेळाडूची ही साधी मागणी मंडळापुढें नीट मांडणारा, दोन्ही बाजूंची अब्रू राखून तोड काढणारा कोणी मध्यस्थ त्या वेळीं असता, तर पहिला सामनाहि त्यांच्यावांचून खेळावा लागला नसता. स्वतःचें मोल स्वतःच्या तोंडानें सांगणें हें आपल्याकडे नेहमींच उद्धटपणाचें मानलें गेलें आहे; आणि या संकोचाचा फायदा आजवर नेमका मोल देणारानें घेतला आहे.

म्हणून या धंद्याचा आरंभ आम्हांला मुळींच लाजिरवाणा वाटत नाहीं. बॉस्टनचा वकील बॉब वुल्फ यानें १९६० नंतरच्या दशकांत अर्ल विल्सन या बेसबॉलपटूचें काम हातीं घेतलें. डिट्रॉइट येथील क्लबाचे अधिकारी वकिलाला खोलींत पाऊल टाकूं देत नसत. म्हणून वुल्फ विल्सनच्या बिऱ्हाडीं टेलिफोनजवळ बसून राही, आणि वाटाघाटींत अडचण आली कीं विल्सन कांहीं निमित्त काढून बाहेर येई व वकिलाला विचारून परत आंत जाई. चित्र हास्यास्पद आहे खरें, पण तें नीट पाहिलें पाहिजे. टेबलाच्या एका बाजूस जन्मभर सौदे करीत आलेला व्यवस्थापक, आणि दुसऱ्या बाजूस चेंडू उत्तम फेंकतां येतो एवढेंच ज्याचें ज्ञान असा तरुण. न्याय म्हणजे समानांमधील व्यवहार, असें म्हणतांना ही विषमता आपण विसरतों. टेलिफोनपाशीं बसलेल्या त्या मनुष्यानें समतेकडे एक पाऊल टाकलें. त्याला कोणी दलाल म्हटलें तरी आम्ही त्याला वकीलच म्हणूं.

परंतु येथवर सोपें होतें. अडचण पुढें आहे, आणि ती मोबदल्याच्या रीतींत आहे.

हा प्रतिनिधि बहुधा ठराविक फी घेत नाहीं. अशिलाच्या कमाईचा वांटा घेतो. अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडूंच्या संघटनेनें करारावरील हा वांटा शेंकडा तीनहून अधिक असूं नये असें बंधन घातलें आहे. बास्केटबॉलमध्यें ती मर्यादा शेंकडा चार आहे. आपल्या देशांत बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणें वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरवितां येत नाहीं, कीं मिळणाऱ्या रकमेंत वांटा घेतां येत नाहीं. त्यानें स्वतः व्यापार चालवूं नये असाहि नियम आहे. त्यामुळें खेळाडूंची अडत हाच जो धंदा करील त्याला बहुधा सनद बाजूस ठेवावी लागेल. १९५४ सालीं मुंबईकडील एका वकिलाचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें होतें. वसुलीचा निम्मा वांटा घेण्याचा करार त्यानें अशिलाशीं केला होता. सामान्य माणसानें असा करार केला तर तो बेकायदेशीर ठरणार नाहीं, परंतु वकिलानें तसें करणें हें धंद्याच्या शीलास सोडून आहे, असा निर्णय झाला. विद्यार्थ्याच्या वडिलांचें मन या निर्णयाच्या बाजूचें आहे हें आम्ही जाणतों. चाळीस वर्षें ज्यानें हरलेल्या आणि जिंकलेल्या दाव्याची सारखीच फी घेतली, त्याला वांटेकरी वकील हा शब्दच विसंगत वाटल्यास नवल नाहीं.

उलट पक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. वांटा घेणारा म्हणतो : ‘मी अशिलाशीं एकजीव झालों आहें. त्याला शंभर मिळाले तर मला तीन. त्याला कांहीं नाहीं तर मलाहि नाहीं. फी घेणाऱ्या वकिलाला अशील बुडाला काय, तरला काय, सारखेंच. मला तसें नाहीं.’ या युक्तिवादांत बरेंच तथ्य आहे. गरीब घरांतील वीस वर्षांच्या मुलाला आगाऊ फी देतां येत नाहीं. वांट्याची रीत नसती तर त्याचें तोंड बंदच राहिलें असतें. अडत्याशिवाय माल विकूं पाहणाऱ्या शेतकऱ्याला हें सांगावयास नको. पण त्याच शेतकऱ्याला दुसरीहि गोष्ट माहीत आहे. महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असें २०१६ सालीं ठरलें, तेव्हां पैशाचा भार हलला. पण अडत्या कोणाचा माणूस, हा प्रश्न अधिकच बिकट झाला. युरोपांतील फुटबॉलमध्यें खेळाडूच्या प्रतिनिधीची दलाली पुष्कळदां क्लबच देतो, तेथेंहि तोच प्रश्न आहे. ज्याच्याशीं भांडावयाचें त्याच्याच हातून जो मोबदला घेतो, तो कितपत भांडेल?

या धंद्याला साम्राज्याचें रूप देणारा क्लीव्हलंडचा वकील मार्क मॅकॉर्मक याच्या चरित्रांत हा गुंता पूर्णत्वास गेलेला दिसतो. येल येथें कायदा शिकलेल्या या मनुष्यानें १९६० च्या सुमारास आर्नल्ड पामर या गोल्फपटूशीं नुसतें हस्तांदोलन करून करार केला, आणि तो करार शेवटपर्यंत टिकला. एवढ्यावर थांबता तर त्याचें चरित्र म्हणजे विश्वासाची एक सुंदर कथा झाली असती. परंतु पुढें त्यानें खेळाडूंप्रमाणें स्पर्धाहि उभ्या केल्या, आणि त्या स्पर्धांचीं चित्रें दूरचित्रवाणीला पुरविणारी कंपनीहि काढली. १९६४ सालीं त्यानेंच योजलेली सामन्यांची स्पर्धा इंग्लंडांत वेंटवर्थ येथें झाली. पहिल्याच वर्षीं ती पामरनें जिंकली. पामर आपल्या गुणांवर जिंकला यांत शंका नाहीं. तरीपण खेळाडू, यजमान आणि खेळ दाखविणारा या तिघांच्याहि वतीनें एकच मनुष्य बोलूं लागला, म्हणजे तो अखेर कोणाशीं वाटाघाट करतो? मॅकॉर्मक २००३ सालीं वारला. त्याच्याच मंडळीनें २००८ सालीं आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगच्या उभारणींत मोठा भाग घेतला. पेशव्यांच्या वकिलानें निजामाची दिवाणगिरीहि पत्करावी, असाच हा प्रकार झाला.

परंतु असे दोन धन्यांचे चाकर आपण वगळूं, आणि एकाच अशिलाशीं प्रामाणिक असलेला वांटेकरी वकील घेऊं. त्याचें हित आणि अशिलाचें हित खरोखरच सर्वत्र एक असतें काय? आमच्या मतें, एक स्थळ सोडून सर्वत्र असतें; आणि तें एक स्थळच सर्व नीतीचें मर्म आहे. तें स्थळ म्हणजे ‘आतां थांब’ असें सांगण्याची वेळ. सरासरी माणसाचा धंदा चाळीस वर्षें चालतो. खेळाडूचा दहा वर्षें चालला तरी पुष्कळ. त्याचें भांडवल म्हणजे त्याचें शरीर. तें तो रोज खर्च करतो, आणि खर्च किती झाला हें त्याला स्वतःला कळत नाहीं. ‘आणखी खेळ’ या सल्ल्यांत वकिलाचा वांटा आहे. ‘थांब’ या सल्ल्यांत नाहीं. शंभराचे तीन होतात, शून्याचें मात्र शून्यच होतें.

या ठिकाणीं आम्हांला ली स्टाइनबर्ग या अमेरिकन वकिलाची गोष्ट आठवते. बर्कले येथें कायदा शिकत असतां तो एका वसतिगृहांत मुलांची देखरेख करीत असे. तेथेंच त्याची स्टीव्ह बार्टकोव्स्की या फुटबॉलपटूशीं ओळख झाली. १९७५ सालीं अटलांटाच्या क्लबानें बार्टकोव्स्कीची पहिल्या क्रमांकानें निवड केली, तेव्हां त्यानें आपल्या या मित्रालाच बोलणीं करावयास सांगितलें. आणि नवख्या खेळाडूला तोंवर मिळालेला सर्वांत मोठा करार त्या नवख्या वकिलानें करून दिला. पुढें त्याच्याकडे नामांकित खेळाडूंची रीघ लागली. त्याची एक अट असे : आपली शाळा, आपलें कॉलेज व आपलें गांव यांना मिळकतींतून कांहीं परत दिलें पाहिजे. जो हें मान्य करीत नसे त्याचें काम तो घेत नसे. म्हणजे हा कोणी निव्वळ पैशाचा लोभी मनुष्य नव्हता. म्हणूनच त्याचें उदाहरण उपयोगाचें आहे. दुर्जनाच्या अधःपातापासून कोणालाच कांहीं शिकावयाचें नसतें.

१९९४ च्या जानेवारीच्या २३ तारखेस त्याचा अशील ट्रॉय एकमन हा डलास क्लबातर्फें सॅन फ्रॅन्सिस्कोविरुद्ध खेळत असतां, प्रतिपक्षाच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. सामना डलासनें जिंकला. रात्रीं स्टाइनबर्ग इस्पितळांत गेला, तेव्हां एकमन अंधाऱ्या खोलींत एकटा पडला होता. मी येथें कां आहें, आज मी खेळलों काय, आपण जिंकलों काय, पुढें काय, असें त्यानें विचारलें. वकिलानें सर्व सांगितलें. आतां अंतिम सामना खेळावयाचा आहे हें ऐकून त्याचा चेहरा उजळला. कांहीं मिनिटें गेलीं, आणि त्यानें पुन्हा तेच प्रश्न त्याच क्रमानें विचारले. उत्तरें ऐकून चेहरा पुन्हा तसाच उजळला. थोड्या वेळानें पुन्हा तेंच. हा प्रसंग स्टाइनबर्गनें स्वतःच अनेकदां सांगितला आहे, आणि आपण त्या वेळीं घाबरून गेलों होतों हेंहि लपविलेलें नाहीं.

त्या खोलींत उभ्या असलेल्या माणसाच्या मनाचा विचार करा. अवघ्या एक महिन्यापूर्वीं, म्हणजे १९९३ च्या डिसेंबरांत, याच खेळाडूसाठीं त्यानें आठ वर्षांचा पांच कोटि डॉलरांचा करार घडवून आणला होता. सात दिवसांवर अंतिम सामना. अशिलाची इच्छा विचारावी, तर ती दर पांच मिनिटांनीं तोंडावर उजळून दिसत होती : त्याला खेळावयाचें होतें. वकिलाचा धर्म म्हणजे अशिलाची इच्छा बोलून दाखविणें. पण मित्राचा धर्म त्याचें हित पाहणें. आणि जो स्वतःचे प्रश्नहि लक्षांत ठेवूं शकत नाहीं, त्याची इच्छा ही त्याची इच्छा म्हणावी काय? एकमन ३० जानेवारीस खेळला आणि त्याचा क्लब जिंकला. २००० च्या डिसेंबरांत डोक्याला पुन्हा मार बसेपर्यंत तो खेळत राहिला आणि २००१ सालीं निवृत्त झाला.

स्टाइनबर्गनें कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं. डोक्याच्या इजांविषयीं डॉक्टर आणि खेळाडू यांना एकत्र बसवून त्यानें परिषदा भरविल्या. आणि हें त्यानें अशा काळीं केलें, कीं जेव्हां लीगचे अधिकारी या विषयाकडे लक्ष द्यावयास तयार नव्हते. माइक वेब्स्टर हा खेळाडू २००२ सालीं वारल्यावर डॉ. बेनेट ओमालू यांनीं त्याचा मेंदू तपासला, व वारंवार बसलेल्या धक्क्यांनीं मेंदू कसा झिजतो हें २००५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें हजारों माजी खेळाडूंनीं लीगवर दावे लाविले. २०१३ सालीं शहात्तर कोटि पन्नास लक्ष डॉलरांची तडजोड जाहीर झाली, आणि तिच्यावरील कमाल मर्यादाहि मागाहून काढून टाकण्यांत आली. म्हणजे वकिलाची भीति खरी ठरली. पण ती भीति वाटूनहि तो करार करीतच राहिला. त्याला आम्ही ढोंगी म्हणत नाहीं. दोन निष्ठांमध्यें सांपडलेला मनुष्य बहुधा असेंच करतो. संकटावर व्याख्यानें करवितो, आणि संकटांतील माणसाला हाताला धरून बाहेर काढण्याचें तेवढें राहून जातें. पुढें दारूच्या व्यसनानें त्याला घेरलें आणि २०१२ सालीं त्यानें दिवाळें काढलें. मग तो सांवरला, धंद्यांत परतला, आणि २०२० सालीं त्याच्या मंडळीनें पॅट्रिक महोम्स या खेळाडूसाठीं दहा वर्षांचा, पन्नास कोटि डॉलरांपर्यंत जाऊं शकणारा करार केला. इतरांच्या वतीनें बोलण्यांत ज्यानें जन्म घालविला, त्याच्या कानांत ‘आतां थांब’ हे शब्द वेळेवर कोणीं घातले असते तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

यावर वडील म्हणतील, ‘मग आमचेंच खरें. वांटा नको, निर्लोभ वकील हवा.’ इतक्या सहजीं हा प्रश्न सुटता तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. वर ज्या कर्ट फ्लडचा उल्लेख आला त्याचा वकील होता आर्थर गोल्डबर्ग. सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश, कामगारांचा मोठा कैवारी. त्यानें हें प्रकरण स्वतःची फी न घेतां, केवळ खर्चावर चालविण्याचें पत्करलें. त्याहून निर्लोभ वकील कोठें मिळणार? परंतु १९७० सालीं दावा उभा राहिला त्याच वेळीं गोल्डबर्ग न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवीत होता. आणि १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत त्यानें केलेलें भाषण इतकें विस्कळित झालें कीं त्याच्या चाहत्यांनाहि वाईट वाटलें. त्याला पैशाचा लोभ नव्हता. त्याचें चित्त दुसरीकडे होतें. वांटा घेणारा निदान हजर तरी असतो.

तेव्हां पैसा हा एकच वांटा नव्हे. हें लिहितांना आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती टाळली तर बाकीचें सर्व लिखाण परोपदेश होईल. आम्ही वेतन घेणारे लोक. विद्यार्थी पुढें मोठा झाला काय, राहिला काय, आमच्या पगारांत दिडकीचा फरक पडत नाहीं. म्हणून आमचा सल्ला निःस्वार्थी असतो, असा आमचा समज होता. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विषयाच्या एम्. ए. च्या वर्गाला मुलें मिळेनात. ठराविक संख्या भरली नाहीं तर वर्ग बंद होणार होता. त्याच सुमारास एक हुषार मुलगा विचारावयास आला. घरची स्थिति बेताची, वडील आजारी, आणि हातांत एका बँकेची नेमणूक. आम्हीं त्याला विद्येचें महत्त्व सांगितलें. आम्हीं सांगितलें त्यांतील एकहि शब्द खोटा नव्हता. त्यानें नोकरी सोडली, वर्गांत नांव घातलें, आणि वर्ग वांचला. आज तो तीन कॉलेजांत तासांच्या हिशेबानें शिकवितो, आणि दिसला कीं अजून वांकून नमस्कार करतो. त्या नमस्काराची आम्हांला भीति वाटते. त्या दिवशीं आम्ही विद्येच्या वतीनें बोलत होतों, विद्यार्थ्याच्या वतीनें नव्हे; आणि आमचा वांटा कोणत्याहि करारपत्रांत लिहिलेला नसल्यामुळें तो त्याला दिसला नाहीं, आणि त्याहून वाईट म्हणजे आम्हांलाहि दिसला नाहीं.

या अनुभवावरून आम्हांला एक गोष्ट कळून आली. दुसऱ्याचें हित पाहणारा प्रत्येक मनुष्य कांहीं ना कांहीं वांटा घेतच असतो. कोणी पैशाचा, कोणी कीर्तीचा, कोणी आपला विषय, आपला पक्ष, आपला मोठेपणा टिकल्याच्या समाधानाचा. उपयुक्ततेची मैत्री आणि सद्गुणाची मैत्री असे भेद ॲरिस्टॉटलनें केले आहेत. पण जगांत त्या दोन जातींचीं माणसें निरनिराळीं आढळत नाहींत. एकाच माणसांत त्या दोन्ही मैत्री नांदतात, आणि कोणती वरचढ ठरते हें त्या एका वेळींच कळतें. या दृष्टीनें शेंकडा तीन हा अंक वाईट नसून उलट प्रामाणिक आहे. तो उघड असतो. अशील तो जाणतो, आणि सल्ला ऐकतांना तेवढी सूट धरून ऐकूं शकतो. धोका खरा त्या वांट्याचा, जो मोजलेला नाहीं.

मग विद्यार्थ्याला काय सांगावें? आमचें उत्तर असें. या धंद्यांत जाण्यास हरकत नाहीं. ज्यांना स्वतःसाठीं बोलतां येत नाहीं त्यांच्यासाठीं बोलणें हें कोर्टांत असो वा कोर्टाबाहेर, वकिलाचेंच काम आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्या. आपला वांटा कोठून येतो व किती, हें अशिलाला आरंभींच लिहून द्यावें, आणि समोरच्या पक्षाकडून दिडकीहि घेऊं नये. अशिलाच्या शरीराविषयींचा प्रश्न निघाला कीं आपण त्या प्रश्नापुरतें वकीलपत्र खालीं ठेवावें, आणि ज्याला कांहींहि वांटा नाहीं अशा वैद्याला बोलवावें. कारण त्या विषयांत आपली जीभ आपली राहिलेली नसते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. करारावर सही होण्याच्या दिवशीं, अशील आनंदांत असतां, त्याच्याशीं बसून असें ठरवावें कीं अमुक खूण दिसली म्हणजे मी तुला थांब म्हणेन, आणि त्या वेळीं तुझ्या त्या घटकेच्या इच्छेपेक्षां आजची ही इच्छा मी तुझी खरी इच्छा मानीन. एकमनच्या खोलींत जो प्रश्न सुटला नाहीं तो त्या खोलींत सुटण्यासारखा नव्हताच. तो आधीं, शुद्धींत असतां, सोडवून ठेवावयाचा असतो.

आणि वडिलांना एवढेंच सांगणें आहे. कृष्णशिष्टाईची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकली आहे. पांच गांवांवर तडजोड करूं पाहणारा तो दूत रिकाम्या हातानें परतला, तरी त्याला अयशस्वी दलाल असें कोणी म्हटलें नाहीं. कारण सौदा जमला नाहीं तरी तो ज्यांच्या वतीनें गेला होता त्यांचाच राहिला. आपल्या मुलाच्या पाटीवर वकील लिहिलें आहे कीं दुसरें कांहीं, हें आपण पाहूं नये. दहा-पंधरा वर्षांनीं, एखाद्या चांगल्या खेळाडूला त्यानें ‘आतां थांब’ म्हणून सांगितलें असें आपल्या कानीं आलें, आणि त्या वर्षीं त्याची मिळकत घटली असें दिसलें, तर त्या दिवशीं मुलगा वकील झाला असें खुशाल समजावें.